परमुलखातील वणवा आणि आपली माणसे

भारताचा पासपोर्ट नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला जातो, ही गोष्ट बाहेरगावच्या पाहुण्यास अभिमानाने सांगण्याची नाशिककरांस सवय आहे. अभिमान रास्तच होय. परंतु त्या पुस्तिकेत राष्ट्रपतींच्या नावे जी विनंती छापलेली असते, ती फार थोडे प्रवासी वाचतात. या पुस्तिकेच्या धारकास निर्वेधपणे जाऊ द्यावे आणि त्यास गरज पडेल ते साह्य व संरक्षण द्यावे, असा तिचा आशय आहे. ती विनंती आहे, आज्ञा नव्हे. आणि ती परक्या देशाच्या अधिकाऱ्यांस केलेली आहे. ते अधिकारीच जागेवर राहिले नाहीत, त्यांच्या कचेऱ्या जळत असल्या आणि पोलीस गणवेश उतरवून घरी गेले असले, तर ती विनंती वाचावयाची कोणी? ९ सप्टेंबर २०२५ रोजी काठमांडूत अडकलेल्या भारतीयांपुढे हाच प्रश्न उभा होता. त्यांत महाराष्ट्रातीलही पर्यटक व यात्रेकरू होते. त्यांच्या घरच्या मंडळींनी ते दोन-तीन दिवस कसे काढले असतील, याची कल्पना ज्यांची मुलेबाळे परदेशी आहेत त्यांना सांगावी लागणार नाही. आणि इंदिरानगरासारख्या वसाहतीत तर अशा घरांची गणती करण्यापेक्षा नसलेल्या घरांची गणती करणे सोपे पडेल.

त्या घटनांचा क्रम ध्यानी घेण्यासारखा आहे. कारण अशा प्रसंगी धोका किती वेगाने चढतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण अलीकडे आमच्या पाहण्यात नाही. ४ सप्टेंबर रोजी नेपाळ सरकारने नोंदणी न केलेली २६ समाजमाध्यमे बंद करण्याचा हुकूम काढला. भ्रष्टाचाराने व बेकारीने आधीच चिडलेली तरुण पिढी ८ तारखेस रस्त्यावर आली. पोलिसांनी गोळीबार केला आणि त्या एकाच दिवशी १९ माणसे मृत्युमुखी पडली. रात्री बंदी उठविण्यात आली. पण वेळ निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला. संसदभवन, सिंहदरबार व सर्वोच्च न्यायालय यांना आगी लागल्या. त्रिभुवन विमानतळ बंद झाला. तुरुंग फुटून हजारो कैदी मोकळे सुटले. रात्री सैन्याने शहर हाती घेतले. १० तारखेस संध्याकाळी विमानतळ पुन्हा उघडला आणि १२ तारखेस माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांनी हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली. एकंदर बळींची संख्या ७० च्या वर गेली. रविवारी सायंकाळी पशुपतिनाथाचे शांत दर्शन घेऊन हॉटेलात निजलेल्या प्रवाशास मंगळवारी सायंकाळी त्या देशात सरकारच उरले नव्हते, हे लक्षात घ्यावे. मध्ये अवघे ४८ तास गेले.

या ४८ तासांत प्रवाशांनी काय केले असते म्हणजे ते अधिक सुरक्षित राहिले असते? विचार करू लागल्यावर प्रथम ध्यानात येते ती ही गोष्ट, की आपल्या अंगवळणी पडलेला अनुभवच अशा वेळी आपला घात करतो. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला बंद नवा नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये तळेगावच्या प्रकरणानंतर नाशिक जिल्ह्यात बसगाड्या जळाल्या, महामार्ग अडले, मोबाइलवरील इंटरनेट बंद पडले. ३ जानेवारी २०१८ रोजी भीमा-कोरेगावच्या घटनेनंतर राज्यभर बंद झाला. दुपारनंतर तो मागे घेतल्याची घोषणा होताच रिक्षा पुन्हा धावू लागल्या. या अनुभवांतून आपल्या मनाने एक वेळापत्रक बनविलेले आहे. सकाळी दुकाने बंद, दुपारी कोठेतरी दगडफेक, चारनंतर चहाच्या टपऱ्या उघडणार, आणि संध्याकाळी मंडळी ‘काय झाले ते पाहू’ म्हणून चौकात जाणार. स्वतःच्या गावी हे वेळापत्रक बहुधा खरे ठरते, कारण कोण कोणावर रागावलेले आहे, कोणती गल्ली टाळावी, कोणत्या दुकानदाराच्या मागच्या दाराने बाहेर पडता येते, हे आपल्यास न शिकवता कळते. दुरून आलेल्या घोषणेतील एका शब्दावरून आपण जमाव ओळखतो. परक्या शहरात हे ज्ञान शून्य असते, आत्मविश्वास मात्र घरचाच बरोबर आलेला असतो. काठमांडूत ८ तारखेच्या रात्री बंदी उठल्याची बातमी ऐकून ‘मिटले एकदाचे’ असे ज्यांनी म्हटले असेल, त्यांनी आपल्याकडच्या चार वाजण्याची वाट पाहिली होती.

मोठ्या हॉटेलात उतरलो म्हणजे सुरक्षित, ही दुसरी समजूत. काठमांडूचे हिल्टन हॉटेल ९ सप्टेंबरला जळून खाक झाले. सत्तेतील मंडळींच्या पैशाचा वास ज्या ज्या वास्तूस येतो असे जमावास वाटले, त्या त्या वास्तूकडे त्या दिवशी मोर्चा वळला. त्यात खरे किती व अफवा किती, याची शहानिशा करीत जमाव थांबत नाही. पोखऱ्यात एका भारतीय महिलेचे हॉटेल पेटविले गेले आणि तिला चित्रफितीतून मदतीची याचना करावी लागली. गाझियाबादहून दर्शनास गेलेल्या एका दांपत्यातील पत्नी हॉटेलच्या आगीतून सुटण्याच्या धडपडीत मरण पावली. त्याच वेळी थामेलच्या गल्ल्यांतील साध्या लॉजांतून राहिलेले अनेक प्रवासी दारे लावून, डाळभात खाऊन सुखरूप राहिले. यावरून साधे लॉज नेहमी बरे, असा सिद्धांत आम्ही काढीत नाही. परक्या शहरात उतरताना आपली वास्तू कोणाच्या मालकीची, संसद, राजकीय पक्षांच्या कचेऱ्या, मंत्र्यांची निवासस्थाने, पोलीस मुख्यालय तिच्यापासून किती दूर आणि मागच्या बाजूने बाहेर पडण्याचा जिना कोठे, एवढे तरी पाहावे. सकाळच्या फुकट न्याहारीची चौकशी आपण जितक्या बारकाईने करतो, त्याच्या अर्ध्या बारकाईने हे होऊ शकते.

नेपाळच्या बाबतीत आणखी एक अडचण होती आणि तिचा विचार या देशाच्या सरकारनेही करावयास हवा. १९५० च्या तहापासून उभय देशांतील नागरिकांस ये-जा करण्यास व्हिसा लागत नाही. भारतीयाने पासपोर्टही नेला पाहिजे असे नाही. प्रौढ माणसास मतदार ओळखपत्रावर जाता येते. ही सवलत शेजारधर्माची व गोड आहे आणि ती जावी असे आम्ही चुकूनही म्हणणार नाही. तथापि तिचा परिणाम असा होतो, की कोणत्या दिवशी किती भारतीय नेपाळात आहेत व ते कोठे उतरले आहेत, याची एकत्रित नोंद कोणाजवळच नसते. सोनौली, रक्सौल येथून बस भरून गेलेल्या यात्रेकरूंचा पत्ता वकिलातीला त्यांनी स्वतः दूरध्वनी केल्यावरच कळतो. पशुपतिनाथाहून परतणाऱ्या आंध्रच्या यात्रेकरूंच्या बसवर दगडफेक झाली, तेव्हा ती बस तेथे आहे हे आधी कोणास ठाऊक होते? आणि ज्यांनी केवळ आधार कार्ड खिशात टाकून प्रवास केला होता, त्यांची तारांबळ निराळीच. कारण १५ वर्षांखालील मुले व ६५ वर्षांवरील वृद्ध यांच्याखेरीज इतरांस तेथे ते कार्ड पुरेसे धरत नाहीत. संचारबंदीच्या काळात विमानाचे तिकीट व पासपोर्ट हाच बहुधा रस्त्यावरचा परवाना ठरतो. सैनिकापुढे उभे राहिल्यावर दाखविण्यास दोन्ही कागद हातात असणे आणि ते मोबाइलमध्ये असून मोबाइलचा जीव गेलेला असणे, यांतील अंतर फार मोठे आहे.

त्या आठवड्यातील एक दृश्य आमच्या मनातून अद्याप जात नाही. इंदिरानगरातील आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत रात्री काठी आपटीत गस्त घालणारा गुरखा, ज्याचे खरे नाव आपण कधी विचारलेले नसते, फाटकापाशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या तरुणांना आपला फोन दाखवून विचारीत होता, की घरी फोन का लागत नाही. वसाहतीतील मंडळी आपले पर्यटक कधी परततात या काळजीत होती. या माणसाची बायकामुले तेथेच होती, त्यांना परतण्याचा प्रश्नच नव्हता. आणि त्याच्यासाठी कोठलाही मदतीचा दूरध्वनी क्रमांक वर्तमानपत्रात छापला गेला नव्हता. आमच्याही नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

नेपाळातील रोष परदेशी माणसावर नव्हता. तो वाटेत आला म्हणून भाजला गेला. याहून वेगळा व अधिक भयंकर प्रकार म्हणजे जेव्हा रोषच परक्यावर असतो. किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक येथे १३ मे २०२४ रोजी स्थानिक तरुण व इजिप्तचे विद्यार्थी यांच्यात मारामारी झाली. तिची चित्रफीत चार दिवस हातोहात फिरली आणि १७ मेच्या रात्री जमाव परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर चालून गेला. मारामारीशी काडीचा संबंध नसलेली पाकिस्तानी व अन्य देशांची मुले त्यात ठोकली गेली. कारण जमावाच्या दृष्टीने सारे परके एकाच रंगाचे होते. त्या वेळी तेथे सुमारे १५,००० भारतीय विद्यार्थी होते, बहुतेक वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेले, आणि त्यांत मराठी मुलामुलींची संख्या लहान नव्हती. भारतीय वकिलातीने ‘घराबाहेर पडू नका’ असा सल्ला दिला व चोवीस तासांचा दूरध्वनी क्रमांक जाहीर केला. पाकिस्तानने आपली मुले विमाने पाठवून परत नेली. आपल्या पालकांच्या जिवाची घालमेल झाली. पण बहुसंख्य मुले तेथेच राहिली.

ती का राहिली, हे समजून घेतल्याखेरीज ‘धोका दिसताच परत या’ हा उपदेश पोकळ ठरतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशातील वैद्यकीय पदवी भारतात ग्राह्य धरली जाण्यासाठी किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि १२ महिन्यांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण एकाच परदेशी संस्थेत पुरे करावे लागते. मध्येच संस्था बदलता येत नाही. घरी बसून इंटरनेटवर केलेल्या अभ्यासाकडे आयोग संशयाने पाहतो. युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये तेथील विद्यार्थ्यांना अन्य देशांत शिक्षण पुरे करण्याची मुभा द्यावी लागली. पण ती त्या प्रसंगापुरती सवलत होती. म्हणजे बिश्केकच्या खोलीत दाराला टेबल लावून बसलेल्या त्या मुलीपुढे प्रश्न केवळ जिवाचा नव्हता. बापाने फ्लॅट गहाण टाकून काढलेले कर्ज, दोन वर्षांची भरलेली फी आणि हातची जाणारी पदवी, हे सारे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात होते. इतक्या जड पारड्यासमोर एकोणीस वर्षांच्या पोरीने विवेकाने निर्णय घ्यावा, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

बांगलादेशात जुलै २०२४ मध्ये याचीच दुसरी बाजू दिसली. स्वातंत्र्यसैनिकांच्या वंशजांसाठी असलेल्या ३० टक्के राखीव जागांवरून आंदोलन पेटले. १८ जुलैस इंटरनेट बंद झाले, १९ च्या मध्यरात्रीपासून संचारबंदी आली. २१ तारखेस तेथील सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागा ७ टक्क्यांवर आणल्या, तेव्हा वादळ शमले असे अनेकांस वाटले. भारतीय विद्यार्थी मात्र त्याआधीपासूनच आगरतळा, डाउकी, गेदे या वाटांनी गटागटाने परतू लागले होते. तेथे सुमारे १९,००० भारतीय असून त्यांत ९,००० च्या आसपास विद्यार्थी होते व त्यांतील बहुतेक जुलैतच परतले, असे परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी ६ ऑगस्ट रोजी संसदेत सांगितले. आदल्याच दिवशी, ५ ऑगस्टला, शेख हसीना देश सोडून निघाल्या होत्या आणि ढाक्यात कायद्याचे राज्य काही काळ संपलेच होते. जे जुलैत निघाले त्यांनी भित्रेपणाची टीका कदाचित ऐकली असेल. पण ५ ऑगस्टला ते घरी होते. त्यांना एक गोष्ट अनुकूल होती, ती म्हणजे जमिनीवरची सरहद्द. बिश्केकहून चालत कोणी नाशिकला येत नाही.

आम्ही पूर्वी काही वर्षे शाळेत शिकवीत होतो, आणि त्या काळापासून एक खोड जडली आहे. परदेशी निघालेला विद्यार्थी आशीर्वादास आला की त्याला भिंतीवरच्या नकाशावर आपला देश दाखवावयास सांगावे. शहराचे नाव व फीचा आकडा सर्वांना पाठ असतो. पण त्या देशाच्या सरहद्दी कोणाकोणाला लागून आहेत, सर्वांत जवळचा दुसरा विमानतळ कोणत्या शहरी आहे, तेथे राज्य कोणाचे आहे व निवडणुका केव्हा आहेत, हे दहांतल्या एकास सांगता येते. दोष मुलांचा नाही. ज्या दलालाच्या कचेरीत हा व्यवहार ठरतो, तेथे नकाशा टांगलेला नसतो. तेथे पांढऱ्या कोटातील हसऱ्या मुलींची छायाचित्रे असतात.

प्रत्यक्ष दंगल सुरू झाल्यावर काय करावे, याविषयी जगातील बहुतेक वकिलातींचा सल्ला एकच असतो व तो कंटाळवाणा असल्यामुळेच खरा आहे. घरात राहावे, खिडकीपासून दूर राहावे, चार दिवसांचे पाणी, कोरडे खाणे, नेहमीची औषधे व रोख पैसे जवळ असावेत. दंगलीत बँकांची यंत्रे सर्वांआधी बंद पडतात, आणि बांगलादेशाप्रमाणे इंटरनेट गेले की मोबाइलमधून पैसे देण्याची सारी हुशारी जागच्या जागी थिजते. वकिलातीचा क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावा. घरी दूरध्वनी करण्याची वेळ ठरवून घ्यावी, म्हणजे मधल्या तासांत फोन न लागल्यास आईने वाईट तेच धरून बसू नये. युक्रेनच्या युद्धात १ मार्च २०२२ रोजी खारकीव्हमध्ये कर्नाटकातील एक विद्यार्थी मारला गेला, तो अन्नसामान आणण्यासाठी बाहेर पडलेला होता. युद्ध व दंगल यांत फरक आहे. भूक दोहोंत तीच असते आणि ती माणसाला नको त्या वेळी रस्त्यावर आणते.

यात एका मोहाचा उल्लेख मुद्दाम केला पाहिजे. जळती गाडी दिसली की खिशातला कॅमेरा आपोआप बाहेर येतो. आंदोलकांस वाटते हा पोलिसांचा हेर. पोलिसांस वाटते हा आंदोलकांचा प्रचारक. आणि दोघांच्याही हाती काठी असते. ती चित्रफीत नाशिकच्या घरगुती गटावर येऊन पडल्यावर तिचे काय होते, हे वाचकांस ठाऊक आहे. कोणत्या तरी जुन्या दंगलीचे दृश्य जोडून ती तासाभरात शंभर घरांची झोप उडविते. बिश्केकचा जमाव एका चित्रफितीने जमविला होता. इंग्लंडमध्ये २९ जुलै २०२४ रोजी साउथपोर्ट येथे लहान मुलींची हत्या झाली, तेव्हा मारेकरी कोणी आश्रयार्थी परदेशी आहे अशी खोटी बातमी अशाच मार्गाने पसरली आणि आठवडाभर गावोगाव दंगे उसळले. लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयास ६ ऑगस्ट रोजी भारतीयांना सावध करावे लागले. जेथे कायदा व पोलीस यांची शिस्त वाखाणली जाते अशा देशाची ही गोष्ट आहे. तेव्हा दंगली काय त्या गरीब देशांतच होतात, या आपल्या मध्यमवर्गीय समजुतीसही रजा द्यावी.

स्वतः आंदोलनात उतरावे काय, हा प्रश्न तरुणांपुढे येतो आणि त्याचे उत्तर आम्ही एका शब्दात देणार नाही. भगूरच्या विनायक दामोदर सावरकरांना मार्च १९१० मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर अटक झाली. पुढे मार्सेय बंदरातील त्यांच्या उडीचा वाद थेट हेगच्या लवादापुढे गेला व १९११ मध्ये निकाल इंग्लंडच्या बाजूने लागला. ज्या जिल्ह्यातून असा माणूस गेला, त्या जिल्ह्यातील वर्तमानपत्राने परदेशस्थ तरुणांस ‘राजकारणाकडे पाहूच नका’ असे सांगणे शोभणार नाही. मात्र सावरकरांनी परिणाम ओळखून पाऊल टाकले होते. आज बहुतेकांस परिणाम ठाऊकच नसतात. जुलै २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत काही बांगलादेशी कामगारांनी आपल्या मायदेशातील सरकारविरुद्ध निदर्शने केली. निषेध ढाक्याचा, रस्ता अमिरातीचा. आणि तेथे निदर्शने हाच गुन्हा. अबूधाबीच्या न्यायालयाने ५७ जणांना शिक्षा ठोठावल्या, त्यांत तिघांना जन्मठेप. सप्टेंबरात त्यांना माफी मिळाली, परंतु ती राज्यकर्त्याची कृपा होती. आखातात कामास असलेल्या मराठी माणसाने हे प्रकरण नीट समजून घ्यावे.

अमेरिकेची गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. तेथे भाषणस्वातंत्र्य घटनेने दिलेले आहे. पण व्हिसा हा हक्क नव्हे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील एका भारतीय संशोधक विद्यार्थिनीचा व्हिसा मार्च २०२५ मध्ये रद्द झाला आणि काही दिवसांत तिने देश सोडला. सरकारने तिच्यावर आरोप केले. तिच्या म्हणण्याप्रमाणे, आदल्या वर्षी विद्यापीठापाशी धरपकड झाली त्या रात्री ती घरी परतताना गर्दीत अडकली होती. खरे काय याचा निवाडा येथे बसून आम्ही करू शकत नाही. परंतु घराचा रस्ता गर्दीतून जात असला तर लांबचा रस्ता धरावा, एवढे या एका प्रकरणावरून म्हणता येते.

अटक झालीच, तर एक अधिकार मात्र प्रत्येकाने पाठ करून ठेवावा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाप्रमाणे अटक झालेल्या परदेशी नागरिकास त्याच्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क आहे व तो हक्क त्याला सांगितला गेला पाहिजे. याच कलमावर भारताने कुलभूषण जाधव यांचा खटला आंतरराष्ट्रीय न्यायालयात लढविला आणि १७ जुलै २०१९ रोजी पाकिस्तानने हे कलम मोडले असा निर्णय मिळविला. पुन्हा हेग, पुन्हा मराठी माणूस. निर्णयानंतरही जाधव मायदेशी आलेले नाहीत, हेही विसरू नये. हक्क असणे आणि तो पदरात पडणे यांत केवढी दरी असते, हे या एका नावावरून कळते.

आता सरकारविषयी. संकटातून माणसे उचलून आणण्यात भारत सरकारचा हात सराईत आहे, हे मान्य करण्यात आम्हांस कंजूषपणा करावयाचा नाही. १९९० मध्ये कुवेतमधून सुमारे १ लाख ७० हजार भारतीय आणले गेले, तेव्हा जगात त्याला तोड नव्हती. २०१५ मध्ये येमेनमधून आपल्याबरोबर इतर देशांचेही नागरिक आपण आणले. २०२२ मध्ये युक्रेनमधून, जून २०२५ मध्ये इराणमधून मुले आली. परंतु या पराक्रमामुळे एक विपरीत सवय सरकारला व जनतेलाही लागली आहे. विमान उतरते, मंत्री हार घालतात, छायाचित्रे निघतात आणि विषय मिटतो. विमान पाठविण्याची वेळ येऊ नये म्हणून जे नीरस काम वर्षभर करावे लागते, त्याला हारही नाहीत आणि छायाचित्रकारही नाहीत. परदेशी नोकरीस जाणाऱ्यांसाठी १९८३ चा स्थलांतर कायदा आहे. त्यातही पळवाटा आहेत, पण नोकरभरती करणाऱ्यास निदान परवाना तरी घ्यावा लागतो. विद्यार्थी परदेशी पाठविणाऱ्या दलालास त्या कायद्याचा धाक नाही. फीचा हप्ता घेऊन तो मोकळा होतो. वसतिगृहावर दगड पडले, की त्याचा फोन बंद. परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे, वकिलातींत नाव नोंदविण्याची सोय आहे. पण ती सोय वापरण्याची सक्ती नाही व आठवणही कोणी देत नाही.

यास्तव आमचे म्हणणे काही ठोस गोष्टींपुरते आहे. नाशिकातून यात्रा व सहली नेणाऱ्या लहानमोठ्या मंडळींनी निघण्यापूर्वी प्रवाशांची यादी, उतरण्याचे पत्ते व परतीची तारीख संबंधित वकिलातीस कळवावी. व्हिसा लागत नसलेल्या नेपाळ व भूतानच्या बाबतीत तर हे अधिकच अगत्याचे आहे. विमापत्र हाती ठेवून ‘सर्व काही आहे’ म्हणणाऱ्या आयोजकास दंगल, नागरी उठाव व युद्ध या गोष्टी त्यात वगळलेल्या तर नाहीत ना, असे विचारण्यास प्रवाशांनी संकोच करू नये. अनेक विमापत्रांत त्या वगळलेल्या असतात, आणि अक्षर बारीक असते. जिल्हाधिकारी कचेरीत आपत्ती व्यवस्थापनाचा कक्ष आहे. परदेशी शिकणाऱ्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांची ऐच्छिक नोंद त्याने ठेवली, तर अशा रात्री पालकांस आमदाराच्या मागे धावावे लागणार नाही. विद्यार्थी पाठविणाऱ्या दलालांस परवाना व अनामत रक्कम यांच्या बंधनात आणावे, म्हणजे मुलास मध्येच परतावे लागल्यास तिकिटाचा खर्च तरी त्या अनामतीतून निघेल.

परंतु या साऱ्याहून महत्त्वाची मागणी राष्ट्रीय वैद्यक आयोगाकडे आहे. परदेशातील दंगलीमुळे वकिलातीच्या सल्ल्यावरून जो विद्यार्थी तात्पुरता मायदेशी परतेल, त्याचे ५४ महिने खंडित धरले जाणार नाहीत, त्याला कोणत्या अटीवर व किती मुदतीत परत रुजू होता येईल आणि तेथे परतणे अशक्यच झाल्यास दुसरी संस्था कोणत्या पद्धतीने मिळेल, हे आयोगाने आधीच लेखी व सर्वांस लागू होईल असे जाहीर करावे. युक्रेननंतर ती मुभा मिळण्यास महिने लागले होते. दर वर्षी नीटचा निकाल लागतो आणि पुढच्या पंधरवड्यात इंदिरानगरापासून नाशिकरोडपर्यंतच्या भिंती परदेशी महाविद्यालयांच्या फलकांनी भरून जातात. तो पंधरवडा उजाडण्यापूर्वी ही नियमावली पालकांच्या हाती पडली पाहिजे.